जानेवारीला तिथी नसते

जुळे सोलापूरहून एका वाचकाचा प्रश्न : “मुलीचा पहिला वाढदिवस १२ जानेवारीला आहे. आमंत्रणात मी ‘जन्मतारीख’ लिहिलं. सासरे म्हणाले, तारीख हा यावनी शब्द, तो खोडून ‘जन्मतिथी’ करा. कोणतं बरोबर? आणि हयात माणसाची जयंती म्हणता येते का?”

तुमचं बरोबर. खोडू नका.

अहो, जानेवारीला तिथी नसते! तिथी असते पौषाला, माघाला. हिंदीत ‘जन्मतिथि’ म्हणजे आपली जन्मतारीखच. तिकडचा छापील फॉर्म इकडे कुणीतरी डोळे मिटून उतरवतो आणि मग तेच शुद्ध मराठी म्हणून फ्लेक्सवर झळकतं. गेल्या महिन्यात एका कार्यालयात मी ‘जन्मतिथी’च्या रकान्यात ‘श्रावण वद्य तृतीया’ लिहून दिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत केला.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. त्याला कधी वीसेक तास पुरतात, कधी सव्वीस लागतात. म्हणून तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. बारा जानेवारीचा क्षय झालेला कुणी ऐकलाय?

आमच्या गड्ड्याचंच, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचंच बघा. यंदा अक्षता, म्हणजे यात्रेतला लग्नसोहळा कधी, असं विचारलं तर सोलापुरात कुणी तिथी सांगत नाही. चौदा जानेवारी, सम्मती कट्टा, विषय संपला. कारण संक्रांत सूर्याची. पण तीही जागची हलते बरं का. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ला जन्मले, त्या दिवशी मकरसंक्रांत होती! आपलं नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. त्यात १९०० साल लीप नव्हतं, तिथे आणखी एक दिवस सरकला.

जिजाऊंची गंमत याहून मोठी. जन्म पौष पौर्णिमेचा, तारीख १२ जानेवारी १५९८. ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची आहे. आज भिंतीवर लटकतं त्या कॅलेंडरनं तो दिवस २२ जानेवारीला येतो. पौर्णिमा जुळते ती तिथेच.

आता ‘यावनी’ तारखेकडे येतो. खरं तर मला एवढंच लिहायचं होतं.

तारीख अरबी, आपल्याकडे फारसीतून आली. काळाची नोंद हा तिचा अर्थ, म्हणून इतिहासालाही तारीखच म्हणतात आणि आपली ‘तवारीख’ हे तिचंच अनेकवचन. पण कूळ कुठलं? हिब्रूत ‘यारेअह’ म्हणजे चंद्र आणि ‘येरह’ म्हणजे महिना. अरबी आणि हिब्रू एकाच सेमिटिक कुळातल्या भाषा, त्यांच्या त्याच धातूची ही लेक. म्हणजे तारीख मुळात चंद्राची! सासरेबुवा चंद्र खोडून तिथे चंद्रच लिहायला सांगताहेत.

अकराव्या शतकातला विद्वान अल्-बिरूनी यानं वेगळी हकीकत नोंदवली आहे. फारसी ‘माह-रोज’चा अरबांनी आधी ‘मुअर्रख’ केला आणि त्यातून ‘तारीख’ काढली म्हणे. माणूस थोर, पण ही व्युत्पत्ती म्हणजे निव्वळ कसरत. आणि खरी धरली तरी फारसी ‘माह’ म्हणजे चंद्र नि महिना, आपल्या ‘मास’चा सख्खा भाऊ. कुठल्याही वाटेनं जा, पोचता चंद्राच्याच अंगणात.

पेशवेकालीन पत्रांत मुसलमानी महिन्याच्या तारखेआधी ‘छ’ असतो : ‘छ ७ रजब’. हा ‘छ’ चंद्राचा संक्षेप मानतात. माझा तर्क असा की, दफ्तरातल्या कारकुनांना तारखेचं हे नातं पक्कं ठाऊक होतं. आमच्या मंडळातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे पटत नाही. हिजरी महिना चांद्रच, म्हणून चंद्र लिहिला, त्यात शब्दाचं कूळ कशाला शोधता, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आजवर माझं काहीच पटलेलं नाही.

सावरकरांनी ‘दिनांक’ दिला. चांगला शब्द, अर्जाच्या कोपऱ्यात शोभतो. पण कोर्टात पडते ती तारीखच, आणि पगाराची वाट बघतो आपण एक तारखेला. ‘दि. १२ तारखेला’ लिहिणाऱ्यांबद्दल मात्र मी इथे काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

सासरे विचारतीलच, मग पुण्यतिथी तारखेनं कशी करता? करतो खरे. तो शब्द गोठलाय, त्यातली तिथी आता कुणाला ऐकू येत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ला. सोलापूर त्यांना दर १२ जानेवारीलाच अभिवादन करतं, तिथी कुणी बघत नाही. तुमच्या लेकीचा वाढदिवस त्याच दिवशी येतो, हे तिला मोठेपणी सांगा.

तेव्हा ‘जन्मतारीख : १२ जानेवारी’ असंच छापा. तिथी हवीच असेल तर पंचांगातून काढून खाली वेगळ्या ओळीत द्या, सासरेही खूश.

जयंतीचं राहिलंच की! नका म्हणू.