दोन्ही वेळा डावा कौल

ताई,

पत्रात गावाचं नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत. बाकीच्या वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगते. ताई वेंगुर्ले तालुक्यातल्या. धाकटा मुलगा तेवीस वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी तो मित्रांबरोबर गोव्यात गेला, पिऊन परत येताना काळोखात एका म्हाताऱ्याला मोटरसायकलची धडक दिली आणि न थांबता घरी आला. म्हाताऱ्याची मांडी मोडली. त्याला गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं, ऑपरेशन झालं, आता तो घरी खाटेवर आहे. धडक कुणी दिली ते गावाला ठाऊक नाही. यजमान म्हणतात, गप्प बस. ताईंनी गुरवाला काही न सांगता, मनात प्रश्न धरून ग्रामदेव रवळनाथाला कौल लावला. पाषाणावर चिकटवलेली पाकळी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "सांगून टाकावं काय?" कौल डावा. पुढच्या सोमवारी उलट विचारलं, "गप्प राहावं काय?" तोही डावा. आणि मग त्यांनी मला लिहिलं: "देवाक सगळा म्हायत व्हता, तर त्यान माझ्या झिलाक असली बुद्धी दिल्यान कित्याक? राखणदार ना तो? गाडी बंद पाडूक येयत नव्हती?"

हा प्रश्न विचारून पाप लागेल अशी भीती तुम्ही शेवटी लिहिली आहे. नाही लागत. महाभारतात दोघांनी तो थेट कृष्णाच्या तोंडावर विचारला. स्त्रीपर्वात शंभर मुलांची प्रेतं बघून आलेली गांधारी म्हणते, तुझ्याकडे बळ होतं, माणसं होती, तुझ्या शब्दाला वजन होतं, तरी तू हा नाश होऊ दिलास. आजपासून छत्तिसाव्या वर्षी तुझं कुळही असंच आपसात मरेल. पुढे आश्वमेधिक पर्वात उत्तंक ऋषी वाटेत भेटतात. युद्ध झालं हे ऐकताच तेही शाप द्यायला निघतात: अडवता येत असून अडवलं नाहीस!

कृष्ण उत्तंकाला सांगतो की मी समजावून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. शिष्टाईची हकीगत आपल्याला ठाऊकच आहे. मला त्यातली एक गोष्ट फार विचार करायला लावते. त्या वेळी कुणी कुणाला बांधून ठेवायचा बेत केला? दुर्योधनाने, कृष्णाला. ज्याला सहज बांधता आलं असतं त्याने दुर्योधनाचे हात मोकळेच सोडले. आणि अर्जुनाला अख्खी गीता सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायात, तो काय म्हणतो? याचा पूर्ण विचार कर आणि मग 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. विश्वरूप दाखवलेल्या देवाला हुकूम सोडायला काय हरकत होती?

याचं नेहमीचं उत्तर तुम्ही कीर्तनात ऐकलं असेल. ज्याला वाईट करताच येत नाही त्याच्या चांगुलपणाला चांगुलपणा कसं म्हणणार? ऐकायला बरं वाटतं. पण जे. एल. मॅकी नावाच्या एका ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये याच्यावर नेमकं बोट ठेवलं: माणूस एखाद्या वेळी स्वतःहून चांगलं निवडतो, तर सर्वशक्तिमान देवाने दर वेळी स्वतःहून चांगलंच निवडणारी माणसं का नाही घडवली? त्यावर आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की, निवड देवाने आधीच ठरवून दिली तर ती माणसाची राहत नाही, आणि माणसाची राहिली तर ती कशी निघेल हे देवाच्याही हातात उरत नाही. मला हे पटतं. 'आधी माहीत होतं' याचंही तसंच. माहीत असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. दर शनिवारी तो पितो हे तुम्हालाही माहीत होतं, तुम्हीच लिहिलं आहे. म्हणून त्याच्या पेल्यात दारू तुम्ही ओतलीत असं कुणी म्हणणार नाही.

गाडी बंद पाडण्याचं म्हणाल, तर त्या रात्री ती बंद पडली असती तर मलाही हवंच होतं. पण प्रत्येक पिणाऱ्याची गाडी बंद पडली, खोटं बोलताना प्रत्येकाची जीभ अडकली, तर ब्रेक दाबायचा की नाही हा विचार कुणी कशाला करेल?

इथपर्यंत सगळं तुमच्या मुलाबद्दल झालं. त्या म्हाताऱ्याचं काय? मोकळीक तुमच्या मुलाला मिळाली आणि मांडी त्याची मोडली. हा हिशोब मला कुठल्याच पंडिताने जुळवून दाखवलेला नाही. ब्रह्मसूत्रांत देवावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येतो, तेव्हा शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात उगवायचा की जव हे बियाण्यावर ठरतं, तसं ज्याचं त्याचं कर्म. ग्रंथात ते शोभतं. पण त्या खाटेशेजारी बसून 'तुमचं पूर्वीचं काही असेल' असं चुकूनही म्हणू नका. तुमच्या यजमानांनाही म्हणू देऊ नका. ज्याने धडक दिली त्याच्या घरच्यांनी जखमी माणसाचं कर्म काढणं, याला मी तरी निर्लज्जपणाच म्हणेन.

आता कौल. आपल्याकडे पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं रवळनाथाला विचारायची सवय आहे, आणि मी त्याला हसणाऱ्यांतली नाही. पण तुमचं हे विचारणं मला बरोबर वाटलं नाही. एकीकडे देवाने निवडायची मोकळीक का दिली म्हणून भांडायचं आणि दुसरीकडे निवडायची वेळ आली की ती पाषाणावरच्या पाकळ्यांवर सोपवायची? सांगू नको आणि गप्पही राहू नको, असं कुठला देव सांगेल? मला यातून एवढंच दिसतं की हा प्रश्न त्याच्याकडे नेण्यासारखा नव्हता. तिसऱ्यांदा लावायला जाऊ नका.

गांधारीचं अर्धंच सांगितलं मघाशी. कृष्ण शाप हसून घेतो आणि लगेच तिलाही सुनावतो की तुझ्याच अपराधाने कुरू मेले, पोराचं वागणं तू चांगलं मानत राहिलीस. मला हे कठोर वाटतं, कारण गांधारीने दुर्योधनाला बजावलं होतं. तुम्ही मात्र बजावलंही नव्हतं. 'शनिवारचा विषय आम्ही घरात काढत नाही' हे तुमचंच वाक्य. गाडीचे हप्तेही तुमच्या काजूच्या पैशातून गेले. हे दुखावण्यासाठी लिहीत नाही. पण देवाने का अडवलं नाही हे विचारताना आपण का अडवलं नाही हेही त्याच दमात विचारावं लागतं.

गप्प राहण्याची किंमत कोण भरतंय ते ऐका. धडक देणारं वाहन अज्ञात राहिलं, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा आकडा आहे. वाहन कळलं तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळं मागू शकतो, आणि थर्ड पार्टी विमा त्यासाठीच असतो. म्हणजे तुमच्या घरातली शांतता रोज त्याच्या खिशातून चालली आहे. अपघातानंतर जखमीला मदत करणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ती मुदत गेली. उशिरा गेलात तर गुन्हा पुसला जाणार नाही, शिक्षाही होऊ शकते. खोटा दिलासा मी देत नाही.

मुलाला समोर बसवा, यजमान घरात असतानाच. सांगा की पोलिसांकडे तू स्वतः जायचं आहेस, मी बरोबर येईन, पण बोलणार तू. त्याच्या वतीने तुम्ही कबुली देऊ नका, भावाने गाडी चालवली असली सोंगं तर नकोच. चार दिवस द्या. तेवढ्यात तो गेला नाही तर तुम्ही जाणार हेही सांगा, आणि खरंच जा. यजमान रागावतील. रागावू देत, त्यांनाही निवडायची मोकळीक आहेच. म्हाताऱ्याच्या घरी पैशाचं पाकीट घेऊन गुपचूप जाऊ नका, आधी तक्रार नोंदवा, मग जा.

उद्याच कुडाळ किंवा वेंगुर्ल्यातला फौजदारी कामं बघणारा एखादा वकील गाठा. जाताना गाडीचं आरसी आणि विम्याचा कागद बरोबर न्या. विमा संपलेला असेल, तर तेही त्याला पहिल्याच भेटीत सांगा.