वाचकांचे प्रश्न : टीव्हीचं चित्र नीट कसं लावावं?

प्रश्न (सातारा) : नवीन 55 इंची फोरके टीव्ही घेतला. दुकानात चित्र झकास दिसत होतं. घरी मात्र चेहरे निळसर, पांढुरके दिसतात आणि सिनेमा लावला तरी मालिका बघतोय असं वाटतं. टीव्हीत दोष आहे का?

उत्तर : दोष नसावा. तो बहुधा अजून दुकानाच्या सेटिंगवरच चालतोय. आधी सेटिंग्जमध्ये ‘स्टोअर’ किंवा ‘रिटेल’ निवडलेलं नाही ना, ते पाहा. असेल तर ‘होम’ करा, नाहीतर काही टीव्ही तुमचे बदल थोड्या वेळाने आपोआप पुसून टाकतात.

मग ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. ‘फिल्ममेकर’ असेल तर उत्तमच. दुकानातल्या लख्ख उजेडात उठून दिसावं म्हणून ‘व्हिव्हिड’मध्ये रंग भडक आणि पांढरा निळसर ठेवलेला असतो. बदलल्यावर सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, डोळे सरावतात.

सिनेमाची मालिका होते ती मोशन स्मूदनिंगमुळे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम अंदाजाने स्वतः तयार करून घुसवतो. त्यामुळे हालचाल नको इतकी गुळगुळीत होते आणि धावणाऱ्या माणसाच्या पायांभोवती चित्र फाटल्यासारखं दिसतं. एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ शोधून बंद करा.

आता ब्राइटनेस. बऱ्याच टीव्हींत हा आकडा काळा रंग किती काळा ते ठरवतो. खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलायचा तो ‘बॅकलाइट’, म्हणजे पडद्यामागचा उजेड. (सोनीच्या नव्या टीव्हींत मात्र ‘ब्राइटनेस’ म्हणजेच बॅकलाइट, आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं. गोंधळ आहे खरा.) रात्रीचा प्रसंग थांबवून काळ्या कोटाकडे बघा. घड्या दिसत नसतील तर काळ्याचा आकडा एकेक वाढवा. वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी व्हायला लागल्या की एक पाऊल मागे. कॉन्ट्रास्ट पांढऱ्या शर्टावर तपासा : चुण्या नाहीशा झाल्या तर कमी करा.

शार्पनेस वाढवून तपशील वाढत नाही, फक्त कडा रंगवल्या जातात. सबटायटलच्या अक्षरांभोवती किनार दिसली की खाली आणा. इंटरनेटवरचे आकडे मात्र जसेच्या तसे उतरवू नका : सोनीत 50 म्हणजे तटस्थ, तर काही टीव्हींत 0.

अनेक टीव्हींत हे सगळं प्रत्येक एचडीएमआय पोर्टला (बॉक्सची केबल खुपसायची जागा) आणि एचडीआरला (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेलं चित्र) वेगळं लावावं लागतं.

प्रश्न (नांदेड) : सेट टॉप बॉक्सवर बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जाते, चित्रही धूसर.

उत्तर : कापलं जाणं म्हणजे ओव्हरस्कॅन : टीव्ही चित्र थोडं मोठं करतो आणि कडा पडद्याबाहेर जातात. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ चालू करा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रिझोल्यूशन 576 वर असेल तर 1080 करा. तरीही एसडी (एचडी नसलेलं, साधं) चॅनेल धूसरच राहणार, कारण त्याचे 720 गुणिले 576 पिक्सेल फोरके पडद्यावर वीसपट पसरतात. तिथे एचडी पॅक घेण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न (पणजी) : महागड्या एचडीएमआय केबलने चित्र सुधारेल का?

उत्तर : नाही. केबल कमी पडली तर ठिपके चमकतात किंवा पडदा मध्येच काळा होतो. रंग फिके पडत नाहीत. फोरके, 60 हर्ट्झ, एचडीआरसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ लेबलची दोन मीटर केबल पुरते.