सर्व्हिसिंग करून आणल्यापासून गाडीचा पिकअप गेलाय, चढावर ओढतच नाही. काय बिघडलं असेल?

आधी सर्व्हिसिंगचं बिल काढा आणि हात कुठे कुठे लागलाय ते बघा. परवापर्यंत नीट चालणारा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) नेमका ऑइल बदलल्याच्या दिवशी जाणं फार क्वचित होतं.

माझी टर्बोवाली डिझेल हॅचबॅक. ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर असं नेहमीचं काम करून पुण्याहून साताऱ्याला निघालो. सपाटीवर जाणवलं नाही. खंबाटकीच्या चढाला लागलो आणि दुसऱ्या गिअरवर आणली तरी गाडी उठेना. ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स आवाज, मागे काळा धूर. भरलेला ट्रक मला ओलांडून गेला, वर क्लीनरने वळूनही पाहिलं!

गॅरेजला फोन केला तर म्हणे, ‘टर्बो गेला असेल, पन्नासेक हजार धरून चाला.’ साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने मात्र नुसता इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करून इंजिनकडे पाठवणाऱ्या भागाच्या, पायपावर हात फिरवला. क्लॅम्प सैल, पाईप अर्धा निसटलेला, सांध्याभोवती ऑइलचा ओलावा. एअर फिल्टरपाशी सेन्सर हवा मोजतो आणि त्या हिशेबाने डिझेल सोडलं जातं. पण मोजलेली हवा वाटेतच गळत होती. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून धूर. पाना फिरवायला पाच मिनिटं लागली.

तुमची पेट्रोल असेल तर धूर दिसेलच असं नाही. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, सेन्सरचा सॉकेट, थ्रॉटलकडे (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) जाणारा पाईप बघा. सॉकेट कधी कधी नुसता टेकवलेला असतो, ‘टक्’ वाजेपर्यंत दाबलेला नसतो. प्लग बदललेत आणि इंजिन थरथरतंय, तर प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एखाद्या कॉइलचं कनेक्शन सुटून एक सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नसेल. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो आणि तो भाग महाग आहे. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर काही गाड्यांत स्कॅनर लावून तिचं सेटिंग पुन्हा करावं लागतं.

आणि ब्रेक उघडले होते का? मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू वेगात न्यूट्रल करा. गाडी लगेच थांबली, आणि उतरल्यावर एका चाकाजवळ हात नेताच झळ लागली (टेकवू नका, भाजेल), तर ब्रेक धरतोय. इंजिन बिचारं निर्दोष आहे.