कामगार न्यायालयाचा निकाल फिरवायचाय?

हायकोर्टातली तुझी पहिलीच रिट याचिका आहे, घाबरू नकोस. पण मसुदा पुन्हा लिही, मित्रा. हे अपील झालंय.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली) खालच्या निवाड्यावर अपील नसतं. आपण पुणेकर राज्यघटनेच्या कलम २२६-२२७ खाली मुंबईला हायकोर्टात जातो, आणि तिथे पुरावा नव्याने तोलत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा सय्यद याकूब (१९६४) हा निवाडा आधी वाच. ग्राह्य, महत्त्वाचा पुरावा चुकीने नाकारला, अग्राह्य पुराव्यावर निष्कर्ष काढला किंवा निष्कर्षाला पुरावाच नाही, तर हस्तक्षेप होतो. पुरावा अपुरा होता, एवढ्याने नाही.

तुझ्या चाकणच्या चोरीच्या केसमध्ये 'साक्षीदार खोटं बोलला' यावर चार पानं आहेत. काढून टाक. गेट रजिस्टरला निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडलीय आणि निकालात त्याचा उल्लेखच नाही, हा खरा मुद्दा. तू तो शेवटी कोपऱ्यात ठेवलायस!

नवख्यांच्या आणखी दोन चुका:
- एमआरटीयू-पीयूएलपी (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा महाराष्ट्राचा कायदा) खालच्या कामगार न्यायालयाच्या आदेशावर थेट मुंबई गाठणं. आधी त्याच कायद्याच्या कलम ४४ खाली औद्योगिक न्यायालय.
- मालकाला १९४७ च्या कायद्याचं कलम १७ब न सांगणं. पुनर्नियुक्तीच्या निवाड्याला आव्हान दिलं, की कामगार दुसरीकडे नोकरीला नसेल तर शेवटचा पगार चालू ठेवावा लागतो. पक्षकार मग आपल्यावरच चिडतो.

बाकीचे निवाडे नंतर. आधी निशाण्यांची यादी कर.