वाचकांचे प्रश्न: लॉनला पाणी किती आणि कधी?

प्रश्न : गोरेगावला आमचं तळमजल्याचं घर आहे. पुढे वीस बाय पंधरा फुटांचं मेक्सिकन लॉन आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास पाइपने पाणी घालतो, तरी मार्च लागला की मध्ये मध्ये पिवळे चट्टे पडतात. पाणी कमी पडतंय का?

उत्तर : कमी नाही, पाणी भरमसाट होतंय. तुमची जागा 300 चौरस फूट, म्हणजे साधारण 28 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर ओतलं की एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. मुंबईच्या उन्हाळ्यात अशा लॉनला आठवड्याला 25 मिलिमीटर पुरतात, म्हणजे सगळं मिळून 700 लिटर. आता तुमच्या पाइपखाली 15 लिटरची बादली लावून घड्याळ बघा. ती मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासात 450 लिटर जातात, आठवड्याला तीन हजारांच्या वर! तानसा-भातशाहून इतक्या लांबून आलेलं पाणी आहे हे.

हे 700 लिटर आठवड्यातून दोनदा विभागून द्या. एका वेळी 350 लिटर, तुमच्या पाइपने साधारण 23 मिनिटं. मे महिन्यात तिसरी पाळी वाढवा. रोज शिंपडलं की वरची इंचभर मातीच ओली राहते, मुळंही तिथेच घुटमळतात आणि एक दिवस खाडा झाला की गवत माना टाकतं. खोल भिजवून मध्ये सुकू दिलं की मुळं ओलाव्यामागे खाली उतरतात. पाणी पहाटे द्या. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात आणि आपल्या दमट हवेत बुरशीला आयतं आवतण मिळतं.

पाणी खाली पोचलं का, हे दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सहा इंच सहज गेला तर काम झालं. दोन इंचांवर अडला तर माती दडपली आहे. खट्‌कन दगड लागला तर खाली डबर आहे. भरणीवर तीन-चार इंच लाल माती पसरून लॉन लावलेलं मुंबईत जागोजागी दिसतं. पिवळे चट्टे बहुतेक अशाच जागी पडतात. तिथे गवताचा तुकडा अलगद उचला, डबर काढा, सहा इंच चांगली माती भरा आणि तुकडा पुन्हा बसवा.

दडपलेल्या मातीला बागेच्या दाताळ्याने दर चार इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असावं, कोरड्या लाल मातीत दात शिरत नाहीत. मग धुतलेली नदीची वाळू आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं मिसळून अर्धा सेंटिमीटर थर द्या. तुमच्या जागेला नऊ-दहा बादल्या लागतील. केरसुणीने तो भोकांत लोटा, पाती उघडी राहू द्या. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. पाणी वाहून जात असेल तर बारा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं द्या.

आणि कापताना टक्कल करू नका! दीड इंच उंची ठेवा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. बारीक कातरण तिथेच पडू द्या, ते सावलीही करतं आणि खतही होतं.

प्रश्न : एसीचं आणि आरओचं वाया जाणारं पाणी लॉनला चालेल का? कपड्यांचं?

उत्तर : एसीचं बिनधास्त घाला, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, मोजा. आकडा 500च्या आत असेल तर चालेल, हजाराच्या वर गेला तर नको. घरात पालिकेचं पाणी येत असेल तर आकडा सहसा कमी येतो. टँकर किंवा बोअरचं असेल तर जपून, खाडीकाठी तर फारच. मातीवर पांढरी पापडी धरली की क्षार साठले असं समजा. कपड्यांचं पाणी नकोच. साबणातल्या सोडियमने माती घट्ट बसते.

प्रश्न : पावसात लॉनमध्ये उभं, चमकदार गवत माजतं. उपटलं की पुन्हा येतं.

उत्तर : देठ दोन बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर तो नागरमोथा. उपटताना गाठी खाली राहतात आणि त्यांतूनच नवा कोंब येतो. माती ओली असताना खुरपं खोल घालून गाठीसकट काढा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा फिरा. काढलेलं कंपोस्टात टाकू नका.

प्रश्न : पाणीकपात लागली तर लॉन मरू द्यायचं का?

उत्तर : मरत नाही, झोपतं. हरळी तर तपकिरी होऊनही जमिनीखालच्या खोडांवर तग धरते आणि पावसात पुन्हा फुटते. मेक्सिकन थोडं नाजूक असतं. दोन आठवड्यांतून एकदा 350 लिटर दिले की बुडखे जिवंत राहतात. तोवर खत घालू नका, कापू नका आणि मुलांना काही दिवस दुसरीकडे खेळायला सांगा. सुकलेलं गवत तुडवलं की कोंब मोडतात.