१९६८ची फोर्ड मस्टँग गाडी रिस्टोअर करतोय, तळ पूर्ण गंजलाय. नवा तळ घरीच बनवून बसवता येईल का?

येईल. पण ग्राइंडर बाहेर काढायच्या आधी बाटलीभर पाणी घ्या, पुढच्या काचेखालच्या जाळीत ओता आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. थेंब पडताना दिसले तर रोग तळात नाही, वर आहे. त्या काळच्या मस्टँगमध्ये बाहेरची हवा आत घेण्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या गोल कडा सडतात आणि पावसाचं पाणी थेट कार्पेटखाली उतरतं. मी हे न बघता तळ बदलला होता. पुढच्या वर्षी कार्पेट उचललं, तर नव्याकोऱ्या रंगावर तांबूस चकती! त्यात मी मिशिगनमध्ये राहतो, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणजे वरून पाणी, खालून मीठ.

अख्खा तळ हाताने बनवायच्या फंदात मात्र पडू नका. या गाडीचे प्रेस केलेले तयार पत्रे मिळतात, त्यांच्या खाचा आणि कंगोरे आपल्या हातून तसे यायचे नाहीत. मी फक्त मधला बोगदा (तळाचा गिअरबॉक्सवरचा उंचवटा) बनवला, कारण नवा पाच गिअरचा बॉक्स जुन्या बोगद्यात मावेना. सिरियलच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावत आधी नमुना केला (तीन संध्याकाळी त्यातच गेल्या), मग तो १८ गेजच्या (साधारण १.२ मिमी जाड) साध्या काळ्या पत्र्यावर उतरवला. जस्ताचा पत्रा घेऊ नका, वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो. गोलाई वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकून काढली. सपाट भाग मोठा असेल तर त्याला कंगोरे पाडाच, नाहीतर गाडी चालताना रॉकेलच्या डब्यासारखा वाजत राहतो.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार टॅक करा (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडा), कर्णांची मापं लिहून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या आधी काढा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मिग वेल्डिंग मशीनला ०.६ मिमीची तार लावा. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब. सलग ओढलात की पत्रा पोक काढतो आणि मग तो सरळ करण्यात रविवार जातो. शेवटी सांध्यांना वरून-खालून सीलर.

आणि हो, कापण्याआधी खालच्या दोन्ही रेल्स (तळाखालून जाणारे लांब पोकळ आधार) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत घुसलं तर तळ राहू द्या, आधी रेल्सचं काम काढा.