‘देवाचं ऐकणं’ आणि ‘आज्ञा पाळणं’ वेगळं आहे का?

जालन्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रविवारी पाळकांनी बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला 15वा अध्याय घेतला : यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. घरी आल्यावर आजी म्हणाली, “म्हंजी देवाचं आयकावं, आसंच ना?” भावाचं म्हणणं, ऐकणं हे कानाचं काम, आज्ञापालन वेगळं, आजीचा शब्द ढोबळ आहे. खरं काय?

ताई, आजी नेमकं बोलली. त्या वचनात मूळ हिब्रू धातू ‘शमा’ आहे, म्हणजे साधं ऐकणं. आपण ‘गाणं ऐक’ म्हणतो आणि ‘माझं ऐक’ म्हणतो. दुसऱ्यात नुसती षष्ठी आली की ऐकणं हातापायांपर्यंत पोचतं. ‘लेकरू आयकंना’ ही तक्रार कानाची नसतेच. हिब्रूतही ‘अमक्याच्या आवाजाला ऐकणं’ अशी रचना झाली की अर्थ ‘त्याचं मानणं’. संस्कृतातला ‘शुश्रूषा’ बघा : मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यातूनच सेवा आणि आज्ञाधारकपणा आला. आणि ‘आयकणं’ला कुणी गावंढळ म्हणू नये. ज्ञानेश्वरीत ‘आइकणे’ हेच रूप आहे.

पण हा शब्द त्या अध्यायात काय काम करतो, ते मला जास्त मोलाचं वाटतं. अमालेकी या शत्रू टोळीचं काहीही राखायचं नाही, सगळ्यांचा नाश करायचा, अशी इस्राएलाच्या शौल राजाला देवाची आज्ञा होती. (ती आज्ञा आज वाचताना अंगावर येते. तो प्रश्न खरा आहे, पण या उत्तरात मावणारा नाही.) शौल शमुवेल संदेष्ट्याला सामोरा येऊन म्हणतो, परमेश्वराची आज्ञा मी पुरी केली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांत हे मेंढरांचं बेंबें कसलं? गुरांचं हंबरणं मी ऐकतोय ते कसलं? इथेही ‘शमा’च. राजाने जे ऐकलं नाही, ते संदेष्ट्याला ऐकू येतंय.

आता शौलाच्या उत्तरातली सर्वनामं बघा. गुरं ‘त्यांनी’ आणली, चांगली चांगली ‘लोकांनी’ राखली, ‘तुमच्या’ देवाला यज्ञ करायला. बाकीच्यांचा नाश मात्र ‘आम्ही’ केला. आज्ञा मोडली ते लोक, पाळली ते आम्ही. पुढे कोंडीत सापडल्यावर तो कबूल करतो : मी लोकांना भ्यालो, त्यांचं ऐकलं. पुन्हा तोच धातू, तीच रचना. म्हणजे ऐकणं त्याला जमत होतं. कुणाचं ऐकायचं, तिथे तो चुकला.

‘जबाबदार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला : ज्याने जबाब द्यायचा तो. ‘जाब विचारणं’ त्याच घरातलं. शौलाला जाब विचारला, तेव्हा त्याने जबाब दुसऱ्याच्या नावावर दिला.

शौलानंतरच्या राजाला, दावीदालाही जाब विचारला गेला. नाथान संदेष्ट्याने एका अपराधी माणसाची गोष्ट सांगून “तो माणूस तूच” म्हटल्यावर त्याच्या तोंडून हिब्रूत दोनच शब्द निघतात, त्यातला पहिला ‘हाताती’, म्हणजे ‘मी पाप केलं’. शेवटच्या ‘ती’ प्रत्ययातच ‘मी’ आहे, कर्ता वगळायची सोयच नाही. या धातूचा अर्थ नेम चुकणं असाही होतो. बायबलच्याच ‘शास्ते’ या पुस्तकात केसावर गोफण मारून न चुकणाऱ्यांचं वर्णन आहे, तिथे हाच धातू. म्हणून मला त्याचं सगळ्यात जवळचं मराठी वाटतं ते ‘माझं चुकलं’. ‘चूक झाली’ नव्हे, त्यात कुणाची ते येत नाही. हाताती शौलही म्हणतो, पण पाठोपाठ लोकांच्या भीतीचं कारण जोडतो, आणि वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राखा, अशी गळ घालतो. दावीद दोन शब्दांवर थांबतो.

भावाला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला 24वा अध्यायही दाखवा. शिरगणती दावीदाने करवली आणि मरी प्रजेवर आली, तेव्हा तो देवाला म्हणतो, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलंय? इथे मेंढरांसाठी हिब्रू शब्द तोच आहे, जो शौलाच्या मागे ओरडणाऱ्या मेंढरांसाठी आला होता.